पिसवावालीचं कोपर

आमच्या मावशीच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, नर्सबाई रक्त काढायला सुई खुपसतात ना तिथे, कायम कसला ना कसला डाग असायचा. आज लालसर, उद्या पिवळा, परवा चक्क हिरवा. कुत्र्याच्या अंगाला जे काही लावायचं ते मावशी आधी तिथे लावायची आणि तासाभराचा गजर लावून बसायची. चुरचुरलं तर रद्द. नाही चुरचुरलं तर पास. "मला चाललं की त्यांनाही चालतं," हा तिचा कायदा. याच कायद्यावर तिने अकरा वर्षं दुकान चालवलं आणि याच कायद्याने एका दुपारी बटण नावाचा कुत्रा जवळजवळ गेलाच होता.

दुकान आमच्या घराच्या खाली. वरती आई आणि मी, खाली मावशी आणि दिवसभर येणारी-जाणारी कुत्री. दोन टब, एक लांब टेबल, भिंतीला टांगलेले टॉवेल, आणि दारावर तिनेच रंगवलेला बोर्ड: 'कुत्र्यांची अंघोळ. पिसवांचा बंदोबस्त. विषारी औषध वापरत नाही.' शेवटची ओळ लाल रंगात. कारण दुकान काढायच्या आधी तिची स्वतःची एक कुत्री होती. पिसवा झाल्या म्हणून तिने कसली तरी पावडर आणली, आणि जरा जास्त टाकली की लवकर मरतील अशा हिशेबाने दुप्पट चोळली. पिसवा मेल्या. चार दिवसांनी कुत्रीही गेली. त्या दिवसापासून मावशीला डब्यावरच्या कवटीच्या चित्राची इतकी धास्ती, की आईने झुरळांचा फवारा आणला तरी ती जिना चढून वर यायची नाही.

आता तिची पद्धत ऐका. कुत्रं आलं की आधी ओला पांढरा कागद. कुत्र्याच्या शेपटीपाशी केस उलटे फिरवायचे, काळे कण कागदावर पाडायचे. कण तसाच राहिला तर धूळ. त्याच्याभोवती तांबडं वर्तुळ पसरलं तर पिसवांची घाण, म्हणजे कुत्र्याचंच प्यायलेलं रक्त. मग बारीक दातांची फणी. मानेपासून शेपटीपर्यंत, काखेत, मांडीच्या घडीत. फणीत पिसू आली की लगेच साबणाच्या पाण्यात, कारण कोरड्यावर ती नखाखालूनही उडी मारून जाते. मग साधी अंघोळ. आणि मग मालकाला शिकवणी: अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यातून काढा, गालिचा रोज व्हॅक्युम करा, सोफ्याच्या फटी सोडू नका, मशीनमधला कचरा लगेच बाहेर टाका, संध्याकाळी दिव्याखाली साबणपाण्याची ताटली ठेवा. "हे तीन आठवडे. एक दिवस कमी नाही. कोषातल्या पिसवांना तुमची घाई कळत नाही."

आणि हे सगळं करताना तिचं तोंड चालू. पण स्वतःसाठी नव्हे, कुत्र्यासाठी. प्रत्येक कुत्र्याला तिने आवाज दिलेला. कोपऱ्यावरच्या वकिलांचा केसाळ धटिंगण आला की ती घसा खाकरून मोठ्या साहेबासारखी बोलायची, "शेपटीला हात लावायचा असेल तर अर्ज द्या आधी. तीन प्रतींत." बटणाला तिने तक्रारखोर भाडेकरूचा आवाज दिला होता, "कोमट पाणी म्हणाला होतात, हे काय हे? मालकांना बोलवा!" घरात नकला करायचं वेड मला आहे, आई मला मैनाच म्हणते, पण खरं सांगते, बटणाचा आवाज मला मावशीइतका कधीच जमला नाही.

बटण म्हणजे चार किलोचा म्हातारा कुत्रा. डोळे शर्टाच्या बटणांसारखे, म्हणून बटण. त्याची मालकीण ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली, निवृत्त झाली तरी एक्स्चेंज तिच्यातून काही निवृत्त झालं नाही. समोर उभी राहूनही "हॅलो, पिसवावाली? बोला!" म्हणायची. पर्समधून काही काढायचं असलं की बोट वर करून, "एक मिनिट, लाइनवर राहा."

त्या सकाळी ती दारातूनच सुरू झाली. "हॅलो, ऐक. याला पिसवा झाल्यात. किती वेळ लागेल?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे? मी उद्या याला घेऊन लेकीकडे निघालेय महिनाभर. बाळ आठ दिवसांचं आहे. लेक म्हणाली, एक जरी पिसू दिसली ना आई, कुत्रा दाराबाहेर."

"बाई, याच्या अंगावर आहेत त्या थोड्या. बाकीच्या तुमच्या गालिच्यात ऐसपैस बसल्यात. आज मी धुतलं तरी रात्री पुन्हा स्वार होतील."

"गालिच्याचं मी बघते. मला फक्त उद्यापुरता स्वच्छ कुत्रा दे."

"उद्यापुरता कुत्रा!" मावशी लगेच बटणाच्या आवाजात. "आणि परवा काय मी मांजर व्हायचं?"

बाई हसली नाही. "लाइनवर राहा," म्हणत पर्स उघडली आणि एक तपकिरी छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. लेबलवर हिरवं पान. "शेजारीण म्हणाली, हे लावलं की पिसवा फिरकतसुद्धा नाहीत. शंभर टक्के नैसर्गिक आहे. तुझ्या बोर्डाला चालेल असंच." आणि बाई लेकीकडे सामान पोचवायला बसने निघून गेली, एका बाजूने दोन तासांचा प्रवास. संध्याकाळी येऊन कुत्रा नेणार होती.

मावशीने बाटली उलटीसुलटी केली. कवटी नव्हती. 'शुद्ध' असं लिहिलेलं होतं. तिने एक थेंब कोपराच्या आत चोळला, गजर लावला. वास उग्र होता, औषधाच्या कपाटासारखा. तासाभराने गजर वाजला. चुरचुर नाही, पुरळ नाही.

पास.

आधी तिने फणी केली, अंघोळ घातली. मग ओंजळीत तेल घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत छान चोळलं. थेंब मोजले नाहीत. पावडर असती तर तिने डबाही उघडला नसता. पण हे झाडाचं होतं. अर्धी बाटली संपली.

बटण टोपलीत बसला आणि अंग चाटायला लागला. पाठ, मांडी, शेपटीचं टोक, पुन्हा पाठ. मावशी त्याच्या आवाजात म्हणाली, "अत्तर लावून कुठे नेताय मला? मुलगी बघायला?" मी जिन्यात बसून पोट धरून हसत होते. तो चाटत होता आणि आम्ही हसत होतो.

दोन वाजता टोपलीखाली ओलं दिसलं. मावशीला वाटलं, पाणी सांडलं. लाळ होती. तोंडातून दोरीसारखी खाली लोंबत होती. तिने त्याला उचलून जमिनीवर उभं केलं. पुढचे पाय उभे राहिले. मागचे दोन्ही बाजूंना सरकले, जणू फरशीवर साबण सांडलाय. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा सरकले.

"अहो, आज जिना जमायचा नाही हं मला, लिफ्टचं..." मावशीने त्याचा आवाज सुरू केला आणि मध्येच थांबली.

ती थांबली तेव्हा मला खरी भीती वाटली. नळ गळत होता, तेसुद्धा ऐकू येत होतं.

आई जिन्यावरून डोकावली. "उन्हाने झालं असेल गं. पाणी पाज."

"ताई," मावशी म्हणाली, "हा थंड आहे. थंडगार आहे हा." आणि मग एकदम ओरडली, "टॅक्सी बघ!"

टॅक्सीत तिने त्याला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला होता. दर सिग्नलला ती त्याच्या नाकाशी बोट न्यायची. श्वास लागला की बोट खाली. पुढचा सिग्नल, पुन्हा बोट.

डॉक्टर मावशीच्या ओळखीचे. शांत माणूस, काहीही विचारा, उत्तर एकच. "लंगडतोय हो." "बघू." "खात नाही हो." "बघू हं." दुकानात मी त्यांची नक्कल केली की वकीलसाहेबसुद्धा खुर्चीत हसून हसून लोळायचे. त्यांनी बटणाला टेबलावर घेतलं, थर्मामीटर लावला, हिरड्या पाहिल्या.

"काही खाल्लं का याने? उंदराचं औषध वगैरे?"

"नाही. सकाळपासून माझ्याकडेच होता."

"अंगावर काही मारलं का? फवारा, पावडर?"

"मी?" मावशी दुखावली. "डॉक्टर, माझ्या बोर्डावर काय लिहिलंय? मी काहीच नाही मारत. माझ्याकडे सगळं नैसर्गिक."

"म्हणजे काही नाही."

"काही नाही."

त्यांनी कागदावर तेच लिहिलं. काही नाही. "वय झालंय याचं. मेंदूकडचा रक्तपुरवठा कमी झाला असेल कदाचित. रक्त काढतो. बघू." आणि दार लोटून घेतलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच. समोर भिंतीवर दात घासणाऱ्या कुत्र्याचं चित्र. मावशी बसलेली, पण टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. "वयानेच असेल ना गं?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. "चौदा वर्षांचा आहे. चौदा म्हणजे खूप झाली, नाही?" मी पुन्हा हो म्हटलं. आतून काहीतरी पत्र्याच्या ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला आणि ती दचकून उभी राहिली. मग बसली. पुन्हा उभी राहिली. घड्याळात वीस मिनिटं झाली होती.

तिला रडू फुटत होतं आणि ते तिला नको होतं. रुमाल नव्हता. तिने डावा हात उचलला, कोपराच्या आतल्या बाजूने डोळे पुसले, मग नाक, मग तोंड. आणि तशीच थिजली. हात तोंडासमोर तसाच धरलेला.

"मैने."

"काय गं?"

तिने जीभ बाहेर काढून ओठांवरून फिरवली. एकदा. "जळतंय," ती म्हणाली. "जीभ जळतेय माझी. कडू..." मग कोपराकडे बघत, अगदी हळू, "मी हे कधी चाटलंच नव्हतं गं. अकरा वर्षांत एकदाही चाटलं नाही."

पुढच्या क्षणी तिने दार ढकललं होतं. "डॉक्टर! तेल! मी तेल लावलंय त्याला!"

"कुठलं तेल?"

"नैसर्गिक..."

"नाव सांगा!" डॉक्टरांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "नैसर्गिक हे नाव नाही. नाव काय?"

तिला नाव आठवेना. मी आईला फोन लावला. "आई, टेबलावर तपकिरी बाटली आहे, लेबल वाच."

"अगं थांब, चष्मा वरती राहिला..."

"आई, चष्मा गेला खड्ड्यात, वाच!"

"टी... टी ट्री... शुद्ध... आणि खाली अगदी बारीक काहीतरी आहे... 'पोटात घेऊ नये'."

मी ते मोठ्याने म्हटलं. डॉक्टरांनी मावशीकडे पाहिलं. "किती लावलं?"

"अर्धी बाटली. तो सगळा वेळ चाटत होता."

मी वाट बघत होते. आता म्हणतील बघू. म्हणा ना, बघू. ते म्हणाले नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या आणि नळ सोडला. "अंगावरचं उतरवायला हवं. तुमच्याइतकं चांगलं कोण धुणार? या इकडे."

मावशीने हजारो कुत्री धुतली असतील. पण त्या सिंकमध्ये तिला साबणाच्या बाटलीचं झाकणही उघडेना. डॉक्टरांनी झाकण उघडून दिलं. पातळ साबण, कोमट पाणी, पुन्हा साबण. तीनदा. बटणाची मान तिच्या मनगटावर पडलेली. तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. स्वतःचाही नाही, त्याचाही नाही. फक्त प्रत्येक वेळी धुऊन झालं की त्याच्या पाठीला नाक लावून वास घ्यायची आणि मान हलवायची. अजून येतोय. अजून येतोय.

मग टॉवेल, गरम पाण्याच्या पिशव्या, पायात सलाइनची सुई, गळ्यात प्लास्टिकची कॉलर.

"मालकिणीला कळवा," डॉक्टर म्हणाले. "वीस मिनिटं आपण चुकीच्या दिशेने गेलो. पुढचं आत्ताच सांगता येणार नाही."

मावशी फोन हातात धरून व्हरांड्यात उभी राहिली. तेवढ्यात आईचाच आला; मी तिला मघाशी सगळं कळवलं होतं. आईचं बोलणं मला बाजूला ऐकू येत होतं, तिचा आवाजच तसा आहे. "हे बघ, डॉक्टर आधी वयाचं म्हणत होते ना? मग तेच सांग. आणि बाटली काय तू मागायला गेली होतीस? तिनेच आणली. बोर्ड उतरवावा लागेल गं तुला, कोण आणेल उद्या कुत्रं?"

"ताई, ठेव फोन."

"मी तुझ्या भल्याचंच..."

"ठेव गं." आणि तिने ऑपरेटरबाईंचा नंबर लावला. एका हाताने व्हरांड्याचा गज धरला होता.

"हॅलो, बोला!" बसचा खडखडाट मागे.

"बाई, बटण खूप आजारी आहे. दवाखान्यात आहे. ते तेल विषारी निघालं. बाटली तुमची होती, पण लावलं मी. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काही लावलं नाही म्हणाले. वीस मिनिटं वाया गेली माझ्यामुळे. तो... मला माहीत नाही बाई. मला माहीत नाही."

पलीकडे नुसता बसचा आवाज. कंडक्टर कुणाला तरी पुढे सरका म्हणत होता.

"हॅलो?" मावशी म्हणाली. "बाई? हॅलो?"

मग एक अगदी कोरडा आवाज, एक्स्चेंजमधला. "मी परतीच्या बसमध्येच आहे. दीड तास लागेल. लाइनवर राहा."

मावशीला वाटलं, ही पर्समध्ये काहीतरी शोधतेय. नाही. तिने फोन ठेवलाच नाही. दीड तास ठेवला नाही. मावशी आत जाऊन बटणाच्या टेबलाशी उभी राहिली, फोन त्याच्या नाकापाशी धरला. बॅटरी उतरायला लागली तेव्हा कंपाउंडरने भिंतीच्या प्लगमधून वायर ओढून दिली. पलीकडून बाई मध्येच विचारायची, "आहे का?" मावशी म्हणायची, "आहे." पुन्हा बसचा खडखडाट. "आहे का?" "आहे. पाय हलवला आत्ता." एकदा विचारलं तेव्हा मावशीने उत्तरच दिलं नाही. ती खाली वाकून त्याच्या छातीकडे बघत होती. डॉक्टर उठून आले. मग छाती उचलली, खूप हळू.

"आहे," मावशी म्हणाली आणि खुर्चीत कोसळली.

ऑपरेटरबाई आली तेव्हाही फोन कानालाच होता. समोर मावशी दिसली तरी तिने तो काढला नाही. चालत आत गेली, बटणाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मगच लाइन तोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्याला वाटीतलं पाणी दाखवलं. तो उभा राहिला, मागचे पाय वेडेवाकडे, आणि दोनदा जीभ घालून पाणी प्यायला. मावशीने विचारलं, "वाचेल?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "बघू," ते म्हणाले.

मावशी तिथेच ढसाढसा रडली.

पुढे बाईने बाळाकडे जाणं महिनाभर पुढे ढकललं, आणि मावशीला एवढंच सांगितलं, "तीन आठवडे म्हणाली होतीस ना? मग ये रोज." मावशी रोज सकाळी तिच्या घरी जायची. ओला कागद, फणी, साबणपाणी. गालिचा स्वतः व्हॅक्युम करायची. बाई समोर खुर्चीत बसून बघायची. पहिला आठवडा "बोला" आणि "झालं?" याशिवाय काही नाही. दुसऱ्या आठवड्यात चहा आला, तोही न बोलता. बोर्डावर मावशीने चौथी ओळ रंगवली: 'तेल लावत नाही.' काही गिऱ्हाइकं गेली. जी येतात त्यांना ती आता दारातच विचारते, "अंगाला काय लावलंय? नैसर्गिक म्हणू नका. नाव सांगा." कोपरावरचे डाग गेले. एक तेवढा राहिला, फिकट तपकिरी. तो जात नाही.

एकविसाव्या दिवशी मीही गेले होते बघायला. ओल्या कागदावर चार काळे कण पडले. आम्ही तिघी वाकून बघत राहिलो. तांबडं वर्तुळ आलं नाही. नुसती धूळ. बाईने पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. "हॅलो, पिसवावाली," ती म्हणाली. "याचा आवाज काढायची ना तू? काढ की."

मावशीने घसा खाकरला. तोंड उघडलं. तेवढ्यात बटणाने मान वळवली आणि तिच्या डाव्या कोपराच्या आत, बरोबर त्या डागावर, जीभ फिरवली.

मावशी किंचाळली. हात असा ओढला की साबणपाण्याचं भांडं उलटलं.

"अगं, काय झालं?" बाई उठली.

"काही नाही," मावशी म्हणाली आणि लगेच स्वतःलाच दचकली. हात तिने पदराखाली लपवला. "साबण आहे. साधा साबण आहे त्यावर, दुसरं काही नाही, खरंच." आणि नळाकडे धावली हात धुवायला.